तांदळातली वही

वाण्याच्या पुडीच्या कागदावर पोर्तुगालच्या एका कादंबरीकार बाईंची हकिगत छापली होती. घरच्यांपासून लपवून त्या लिहीत आणि पानं पिठाच्या डब्यात ठेवत. ती पानं पहिल्यांदा कुणाला सापडली, नेमका तिथेच कागद फाटलेला.

माझी वही तांदळाच्या डब्यात, कडुनिंबाच्या पाल्याखाली असते. आज सूनबाई म्हणाली, "आई, तांदळात किडे झालेत, ऊन दाखवते." मी नको म्हणेपर्यंत तिनं डबा चादरीवर ओतला होता. वही उघडून ती उभ्यानंच वाचू लागली. त्या बाईंनी अशा वेळी काय केलं असेल? मी नुसती तांदूळ पसरत राहिले.

"आई, माझी भांडणंच तेवढी लिहिलीत?"

"वही अजून संपलेली नाही," मी म्हटलं. ती हसली का, ते मान वर करून बघायचं धाडस मला झालं नाही.