घोरपडीची पाच बोटं

१९७३ सालच्या उन्हाळ्यात मनकर्णाच्या परसात हिरवं असं एकच उरलं होतं, मोरीच्या पाण्यावर तगलेलं शेवग्याचं झाड. नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या आसपासच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. बालवाडीतली पोरं घरी पाठवून ती दुपारी परतायची, तेव्हा शेवग्याखालच्या दगडी डोणीवर कोणी ना कोणी प्यायला आलेलं असायचं. कधी सातभाईंचा थवा, कधी खारी, एकदा तर मुंगूस. चैत्र सरता सरता एक घोरपड यायला लागली. शेपटीसकट दोन हात लांब, मातकट रंगाची, दुहेरी जिभेची.

मनकर्णाची पाच वर्षांची लेक झुंबर तिच्यासाठी भांडी विसळलेलं पाणी डोणीत ओतायची आणि मागं सरून उकिडवी बसायची. आईला मात्र त्या जनावराची शिसारी यायची. नवरा सहादेव लांब खडी फोडायच्या दुष्काळी कामावर गेलेला, घरात दोघी मायलेकी. "लांबूनच बघ. चावली तर सोडत न्हाई ती," असं ती लेकीला रोज बजावायची.

त्या दुपारी ती भाकरी थापत होती. परसातून कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं, तशी पिठाच्या हातानंच ती मागच्या दारात आली. काटेरी कुपाटी ओलांडून एक तांबडं कुत्रं आत शिरलं होतं, आणि त्याच्यामागं हातात काठी घेतलेला आसाराम. पलीकडच्या गल्लीतला हा मजूर, त्याची लेक छबू मनकर्णाच्याच बालवाडीत होती.

"बाई, घोरपड आली का हिकडं?"

मनकर्णानं परसभर नजर फिरवली. झुंबर कुठंच नव्हती. न्हाणीचं पत्र्याचं दार लोटलेलं होतं आणि ते कधीच दिवसा लोटलेलं नसायचं. धुळीत शेपटी घासत गेल्याची एक वळणावळणाची रेघ त्या दाराखाली जाऊन संपत होती. तिच्या बाजूनं लहानशी अनवाणी पावलं गेली होती.

चार शहाबादी फरशा उभ्या करून केलेली ती न्हाणी, आत दोन माणसं नीट उभी राहतील एवढीसुद्धा जागा नाही. त्यात कोंडलेलं बिथरलेलं जनावर आणि तिची पोर. दार उघडलं तर कुत्रं आत घुसणार. मग घोरपड सुटायला बघेल, आणि सुटायची वाट पोरीच्या अंगावरूनच होती.

"न्हाई आली," ती म्हणाली.

कुत्रं दाराशी जाऊन पत्रा खरवडायला लागलं. आसाराम दोन पावलं पुढं झाला.

"आत माझी पोर न्हातीय," मनकर्णा घाईनं म्हणाली, झुंबरलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

आसाराम थांबला. "दुपारची आंघुळ? आसल्या पान्याच्या टंचाईत?"

"घामोळं आलंय तिला."

तेवढ्यात आतून फुस्स असा लांबलचक आवाज आला, भात्यातून वारा सुटावा तसा. कुत्रं गुरगुरलं. मनकर्णाला वाटलं, संपलं आता. आसारामनं आधी दाराकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्याच्या गालाची हाडं वर आलेली होती.

"बायकू बाळंत हाय, बाई," तो हळू म्हणाला. "उठवत न्हाई तिला. कुनी म्हनलं, घोरपडीचं कालवन दिलं तर ताकद यील."

मग तो वाकला, कुत्र्याची मानगूट धरली आणि ओढत कुपाटीबाहेर घेऊन गेला. ती मागोमाग धावली, घरातला गुळाचा खडा आणि ओंजळभर शेंगदाणे त्याच्या पटक्याच्या पदरात टाकले. तो गेला.

ती न्हाणीशी परतली. "झुंबर, हलू नगं. बोलू पन नगं."

आतून मुसमुसणं ऐकू आलं. मनकर्णा मागच्या बाजूला गेली. पाणी जायच्या भोकाला बाहेरून एक दगड लावलेला होता. गुडघ्यावर बसून तिनं तो ओढला. बसतो की काय, निघतो की काय, असं करत तो एकदाचा सुटला. भोकातून उजेड आत गेला. तिला हात मागं घ्यायलाही वेळ मिळाला नाही. खरखरीत, गार अंग तिच्या मनगटावरून सरसरत गेलं, नखं रुतली आणि घोरपड कुपाटीखाली दिसेनाशी झाली.

झुंबरनं कडी काढली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मनकर्णानं तिला आधी पोटाशी धरलं आणि मग पाठीत धपाटा घातला.

घोरपड पुन्हा आली नाही. झुंबर मात्र रोज विचारायची, "ती कुटं गेली? तिला पानी कोन देतं?" शेवटी मनकर्णानं बालवाडीत उरलेल्या कुटुंबनियोजनाच्या जाहिराती काढल्या. त्यांच्या पाठी कोऱ्या होत्या. हळद, काव, नीळ आणि काजळ कालवून ती चित्रं काढायला बसली. डोणीवरची घोरपड, धावणारं कुत्रं, न्हाणीतला अंधार. प्रत्येक चित्राखाली ठसठशीत अक्षरात एकच ओळ. बारा पानं झाल्यावर तिनं ती गोणपाटाच्या सुतळीनं शिवली.

बालवाडीत तिनं ते पुस्तक वाचलं तेव्हा एरवी चुळबुळणारी पोरं श्वास रोखून बसली. छबूनं ते हट्टानं घरी नेलं. मनकर्णाच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. त्यात कुत्रं होतं, काठी होती, आणि खोटं बोलणारी आईही होती. रात्रभर ती कूस बदलत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसाराम स्वतःच बालवाडीच्या पायरीशी पुस्तक घेऊन उभा होता.

"हे चुकलंय," तो पानावर बोट ठेवून म्हणाला. "चार बोटं काढली तुमी. घोरपडीला पाच असत्यात."

तिनं नकळत मनगट पुढं केलं. खपली धरलेले चार ओरखडे होते.

"पाचवं आखूड आसतं, ते बाजूला ऱ्हातं," तो म्हणाला. मातीत बसून त्यानं काडीनं पंजा काढून दाखवला, दगडाला धरताना नखं कशी वळतात, शेपटी कुठून जाड होत जाते. मग मान वर न करताच म्हणाला, "त्या दिशी मला कळलं हुतं, बाई. पोर आत हुती म्हनून कुत्रं धरलं."

मनकर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बायको कशी हाय?"

"हिंडतीया आता." त्यानं पान उलटलं. त्यावर नुसते दोन पाय आणि काठी होती. "ह्यो मीच न्हवं? तोंड का न्हाई काढलं?"

"तवा तुमच्या तोंडाकडं बघवलं न्हाई मला."

त्यानं पटका नीट बांधला आणि पायरीवर ताठ बसला. "आता बघा की."

पावसाळ्यानंतर तालुक्याच्या मुख्यसेविका लंकाबाई तपासणीला आल्या. पुस्तक त्यांना आवडलं, पण घोरपड खटकली. "ससा घाला हो त्या जागी. गोंडस दिसेल. आणि हा काठीवाला काढून टाका, पोरं भितील."

मनकर्णा त्यांच्यासमोर कधी वर तोंड करून बोलली नव्हती. तिनं पुस्तक आपल्याकडं ओढलं. "भ्यायलीच हुती की माझी पोर," ती म्हणाली. "मी पन. सशाचं पुस्तक मला येत न्हाई, बाई."

लंकाबाई रागानं निघून गेल्या. आठ दिवस मनकर्णाला वाटत होतं की नोकरी गेली. नवव्या दिवशी लंकाबाईंचाच निरोप आला, पुस्तक छापायचंय, मूळ चित्रं पाठवून द्या. नगरच्या एका लहान छापखान्यात दोन रंगांत पाचशे प्रती निघाल्या. पिवळा रंग जागोजागी फाकला होता, शेवटच्या पानावरची ओळ वाकडी बसली होती. पण घोरपडीचे पंजे बिनचूक होते, आणि काठीवाल्या माणसाला चेहरा होता, ओढलेला, उपाशी, दाराकडं बघत थांबलेला.