झाकलेली विलायती चित्रं

आता निवांत चहा घ्या, पण हसायचं नाही. पोटच्या पोरीचं लग्न मी एका टॉवेलानं मोडत आणलं होतं!

आमची स्वाती तिशीकडे झुकलेली, आलेली स्थळं हुकलेली. अशात कोल्हापूरचं एक आलं. मुलगा संग्रहालयात युरोपातली जुनी चित्रं सांभाळतो, वडील शिवाजी पेठेतले एकेकाळचे पैलवान. कांदेपोहे नकोत, संग्रहालयातच भेटू, असं पोरांनी ठरवलं. मी मुरगूडचा खत-बियाणंवाला. चित्र म्हणजे मला दुकानातलं कॅलेंडर. आठवडाभर अन्न गोड लागेना. बायको तापानं घरी. निघताना तिनं एवढंच सांगितलं, "पावण्यांसमोर तोंड उघडू नगासा."

तोंड नाही हो उघडलं मी!

आत शिरलो तर पहिल्याच भिंतीवर भलंमोठं तैलचित्र. तळ्याकाठी गोऱ्या बायका, अंगावर चिंधी नाही. मागून पैलवान आणि होणाऱ्या विहीणबाई येतायत. मला दरदरून घाम फुटला. पलीकडच्या भिंतीवर मात्र काही चित्रांवर कापडी पडदे सोडलेले. म्हटलं, असली चित्रं झाकायची इथं रीत दिसते, हे एकच गडबडीत राहिलंय. मुलाला विचारावं, तर तो फोन घेऊन बाहेर गेलेला.

मग काय? खांद्यावरचा टॉवेल काढला आणि टाकला चौकटीवर.

पुढच्या दालनात तसलंच दुसरं. टॉवेल तर संपला! मग मीच चित्राला पाठ लावून उभा राहिलो. पाहुणे डावीकडं सरकले की मी डावीकडं, ते उजवीकडं की मी उजवीकडं. स्वाती डोळे वटारत होती. मी मात्र तिचा संसार वाचवत होतो.

तेवढ्यात विहीणबाईंचा हात तिथल्याच एका पडद्याकडं गेला.

"वैनी, नगा!" मी ओरडलो. सगळं दालन वळून बघायला लागलं.

त्यांनी पडदा उचलला. खाली पेन्सिलीनं काढलेली गाय. बसून रवंथ करत होती.

मुलगा धावत आला. मागं पहारेकरी, चिमटीत माझा टॉवेल. मुलगा हळूच म्हणाला, "काका, कागदावरची चित्रं उजेडानं फिकी पडतात, म्हणून पडदे. ते उचलूनच बघायचं असतंय."

स्वातीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हात जोडले आणि खरं ते सांगून टाकलं, की पोरीचं जमावं म्हणून झाकत होतो.

पैलवानांनी पहारेकऱ्याकडचा माझा टॉवेल घेतला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "पावणं, तरुणपणी चित्रकलेच्या पोरांसमोर मी लंगोटावर उभा ऱ्हायलोय. त्यातलं एक चित्र आमच्या घरात, म्होरल्या सोप्यातच टांगलंय. चालंल न्हवं तुमास्नी?"

"चालंल की!" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

लग्न झालं, पोरगी सुखात आहे. पण आजही मी त्यांच्या दारात चप्पल काढायच्या आत विहीणबाई गल्लीला ऐकू जाईल अशी हाक घालतात, "स्वाती, तुझं बाबा आल्यात, ह्यांच्या चित्रावर टॉवेल टाक आदी!"

आणि टॉवेल तोच. माझा.