डॉक्टर आडे यांचा रिलीफ

फौजेतली माझी शेवटची पोस्ट चौदा हजार फुटांवर होती. निवृत्तीनंतरची पहिली पोस्ट आमच्या तालुक्यातल्या तीस खाटांच्या सरकारी दवाखान्याचं गेट. सतरा वर्षं इन्फन्ट्रीत काढून मी हवालदार म्हणून घरी आलो. लोक बर्फाबद्दल विचारतात. मी त्यांना संतरीबद्दल सांगतो.

संतरी दोन तास उभा राहतो, मग रिलीफ येतो. संतरीनं तो मागायचा नसतो. वेळ झाली की गार्ड कमांडर दुसरा जवान घेऊन येतो. पहिल्याला आणखी उभं राहायचं असलं, तरी त्याचं कोणी ऐकत नाही.

बर्फातल्या त्या पोस्टवर आम्ही सात जण होतो. दोघे आजारी पडून खाली गेले आणि वाट बंद झाली. पाच जणांत सातांची ड्यूटी. लान्स नाईक महादेव दुसऱ्यांच्या पाळ्याही स्वतः करू लागला. विचारलं की म्हणायचा, "मैं ठीक हूँ, साब." एका सकाळी आमच्या नायब सुभेदार साहेबांनी त्याला पासवर्ड विचारला. त्यानं स्वतःच्या गावाचं नाव सांगितलं. साहेब रागावले नाहीत. त्यांनी फक्त हात पुढे केला.

"हथियार इधर दे. अब तू सोएगा."

रेडिओवर खाली कळवलं, "एक जवान आराम पर. बाकी ठीक. ओव्हर." महादेव रुसला आणि रुसलेलाच झोपी गेला. आज तो शेती करतो.

दवाखान्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांची तीन पदं होती. भरलेलं एकच, डॉक्टर आडे. वय एकोणचाळीस. बायको आणि मुलगी पुसदला. ओपीडी, बाळंतपणं, अपघात, पोस्टमार्टेम, सगळं त्यांच्याकडे. ड्यूटी संपली तरी सोडवायला येणारं कोणी नव्हतं.

सव्वीस जानेवारीला गावानं त्यांचा सत्कार केला. कारण असं की त्यांनी दोन वर्षांत रजा घेतली नव्हती. सरपंचांनी शाल घातली आणि माईकवर म्हणाले, "आमचे डॉक्टर म्हंजे मशीन हायेत मशीन!" टाळ्या पडल्या. आमच्या कंपनीत एखादा जवान वर्षभर रजेवर गेला नसता, तर पलटणीच्या सीओ साहेबांनी कंपनी कमांडरला बोलावून जाब विचारला असता. जवानाला शाल कोणी घातली नसती.

पुढे मुलीच्या वाढदिवसाला डॉक्टर निघाले, तेव्हा गेटवरच लोकांनी अडवलं. "तुमीच गेले तं आमी कोनापाशी जावं?" ते परत फिरले.

पावसाळ्यात साप चावलेले पेशंट वाढतात. एका दुपारी सोयाबीन निंदताना साप चावलेली बाई आणली. डॉक्टर तिच्यापाशी तीन तास उभे होते. बाई वाचली. त्यानंतर मी त्यांना बेसिनसमोर पाहिलं. नळ चालू होता आणि ते हात पाण्याखाली धरून नुसते उभे होते.

"साहेब."

"हवालदार, मी इंजेक्शन देलं ना तिले?"

"देलं. बोलून राह्यली ते."

"तुमी पाह्यलं?"

"पाह्यलं."

थोडं थांबून त्यांनी तेच पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. मी नळ बंद केला आणि हात पुढे केला.

"साहेब, स्टेथोस्कोप इकडं द्या. आता तुमी झोपा."

त्यांनी तो गळ्यातून काढून दिला. सिस्टरनं आतल्या खोलीत चादर टाकली. मी दारावर उभा राहिलो. अर्ध्या तासानं सरपंच सर्दी घेऊन आले.

"डॉक्टर कुठी हाय?"

"झोपले."

"दिवसा? कोनाच्या ऑर्डरनं?"

"माझ्या."

"तू गेटवरचा ना बे?"

"गेटवरचाच. बसा. सर्दीनं काही होत नाही."

ते बसले. शिंकत बसले, पण बसले.

उठल्यावर डॉक्टर पलंगाच्या काठावर बसले. म्हणाले, "सुट्टी मागाची लाज वाटते, हवालदार. शाल घेतली ना मी." त्याच दिवशी त्यांनी अर्ज लिहिला. बदली डॉक्टर मिळाला तरच रजा, असं उत्तर आलं. महिन्याभरानं तीन दिवसांसाठी एक डॉक्टर आले. चार्ज देताना आडे साहेबांच्या मागे दिवस आणि रात्र अशी सलग ड्यूटी होती. दुपारचे बारा वाजले होते.

"दोन तास झोपून निघा, साहेब."

"पोरगी वाट पाहून राह्यली. पुसद काही दूर नाही."

मी ड्रायव्हर बघतो म्हणालो. ते हसले. स्टेथोस्कोप स्वतःच काढून माझ्या हातात दिला. "घ्या, हत्यार जमा." इतकं मोकळं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

पुसदच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, कोरड्या उन्हात त्यांची गाडी बाभळीवर गेली. पोलीस म्हणाले, ब्रेकची खूण नाही. डोळा लागला असावा.

शोकसभा दवाखान्याच्या आवारात झाली. सरपंच बोलायला उठले. "आमच्या डॉक्टरनं कधीच सुट्टी..." एवढं म्हणाले आणि थांबले. माईक हातात धरूनच खाली बसले.

फौजेत ड्यूटीवर जीव गेलेल्या माणसाचं नाव युनिटच्या दगडावर कोरतात. इथे तसा दगड नाही, म्हणून मी हे लिहिलं. डॉक्टर आडे, ड्यूटीवरून घरी जाताना.

लोक पांगल्यावर त्यांची पत्नी गेटवर आली. मी स्टेथोस्कोप पुसून ठेवला होता, तो दिला. तिनं तो मुठीत धरला.

"भाऊ, ते फोनवर सांगत होते. इथं एकदा दिवसा झोपलो म्हने."

"हो वहिनी. दोन तास."

"मधात कोनी उठवलं तं नाही ना?"

"नाही. मी दारावर होतो."