जपानी अण्णांचा तिसरा माणूस

जपानी अण्णा कमरेत वाकून नमस्कार करत. वॉचमनला, उसाच्या गाडीवानाला, मलाही. एकदा त्यांचं बघून आमचे चेअरमनसाहेब तसेच वाकले आणि त्यांची टोपी समोरच्या चहात पडली. तेव्हापासून साहेब त्यांना लांबूनच हात करत.

अण्णा उमरग्याकडचे, आमच्या सहकारी साखर कारखान्याचे इंजिनिअर. मी तिथला टायपिस्ट. यंत्रं शिकायला त्यांना दोन महिने जपानला पाठवलं होतं. यंत्रांबद्दल ते फारसं बोलत नसत, बोलत ते तिथल्या जुन्या फिरत्या व्यापाऱ्यांबद्दल. सौद्यात विकणाऱ्याचं बरं व्हावं, घेणाऱ्याचं व्हावं, आणि ज्या गावात सौदा झाला त्या गावाचंही, असा त्यांचा नेम होता म्हणे. "तिसरा माणूस इसरायचा न्हाय," अण्णा म्हणत. हे इतक्यांदा झालं, की कॅन्टीनवाला त्यांच्यासमोर तीन कप ठेवू लागला.

दुष्काळात शेजारच्या गावातल्या विहिरी आटल्या. कारखान्याच्या विहिरीला पाणी होतं, पण ते गेस्ट हाऊसच्या हिरवळीला जाई, कारण मंत्री येणार होते. अण्णांनी चेअरमनसाहेबांना गाठलं.

"साहेब, ते पाणी गावाला देऊ."

"अण्णा, आपण साखर करतो. पाणपोई न्हाय घातली."

"ऊस त्यांचा, कामगार त्यांचे, धूर त्यांच्या डोक्यावर. पाणी तेवढं आपलं व्हय?"

साहेब उठून गेले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतः पाना घेऊन हिरवळीचा पाइप सोडवला आणि गेटबाहेर चार नळ बसवले. आठवड्यात हिरवळीचा कडबा झाला. साहेबांनी मला मेमो टाइप करायला लावला: तुम्हाला निलंबित का करू नये? अण्णांनी तो वाचला आणि माझी ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक दाखवली.

मंत्र्यांना गेटवरच एका म्हातारीनं अडवलं. "हितलं पाणी हाय म्हणून गावात माणूस हाय, बाबा." मंत्र्यांनी चेअरमनसाहेबांची पाठ थोपटली. साहेब क्षणभर गोंधळले आणि मग म्हणाले, "ही आमची जपानी पद्धत!" संध्याकाळी त्यांनी मेमो परत मागवला. अण्णा देईनात. "राहू द्या. एवढं मानानं आजवर कुणी लिहिलं नव्हतं मला."

काही वर्षांनी अण्णा निवृत्त झाले. नळावरच्या बायांनी शेंगदाण्याच्या चटणीचा एवढा मोठा डबा दिला, की येडशी स्टेशनवर त्यांची ट्रंक मला उचलावी लागली. डबा त्यांनी कुणाला धरू दिला नाही.

पुढं पाऊस बरा झाला, नवे साहेब आले. गेटबाहेरचे नळ बंद करण्याचा हुकूम माझ्याकडं टाइपला आला. सगळ्या नोकरीत मी एकही कागद परत केला नव्हता. मशीनमध्ये कोरा कागद घातला, काढला, पुन्हा घातला. शेवटी उठून आत गेलो.

"साहेब, हे मी टाइप करणार नाही."

"का?"

अण्णांसारखं बोलणं मला कुठलं सुचायला! म्हणालो, "आधी गेटवर चला."

साहेब आले. नळावरच्या घागरींच्या रांगेच्या टोकापर्यंत चालत गेले. मग माझ्या हातातला हुकूम घेऊन त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि परतले.

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तुमी? जावा तिकडं, कायबी सांगू नका."