एका विहिरीसाठी दोनदा मोजलेलं गाव

लोकांना विचारून कामं करावीत, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार लोकांबद्दल आहे, विचारणाऱ्यांबद्दल आहे, आणि त्या दोघांच्या मध्ये टाक-दौत घेऊन बसलेल्या शहाण्याबद्दल तर आहेच. तो शहाणा मी होतो.

तिरोड्याच्या बाजूला, रेल्वेच्या रुळांपासून कोसभर आत आमचं गाव. मी तिथल्या शाळेत मास्तर. गावात धड लिहिता येणारे तीनचारच, त्यामुळे पंचायतीचं सगळं लिखाण माझ्याच गळ्यात. स्वराज्य यायला अजून दहाबारा वर्षं होती, पण लोकल बोर्डातल्या कुणाला तरी त्याची आधीच बाधा झाली असावी. बोर्डाचा कागद आला की गावाला एक पक्की विहीर मंजूर झाली आहे, आणि ती कुठे खणायची ते गावकऱ्यांनीच सभा घेऊन ठरवावं. आजवर आम्हाला कोणी काही विचारलं नव्हतं. गाव आठ दिवस नुसतं फुगून फिरत होतं.

जागा दोनच होत्या. एक देवळापुढची. तिथे जुनी विहीर होतीच, काठ ढासळलेला, पण पाणी जेठापर्यंत टिकायचं. दुसरी जागा नाल्यापलीकडच्या टोलीवर. टोली म्हणजे गावापासून तुटून वसलेली पंधरावीस घरं. तिथे विहीर नव्हती. बायका नाल्याचं पाणी भरत, आणि उन्हाळ्यात नाला आटला की रेतीत झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरत. मग ती डोक्यावर घेऊन चढण चढायची. माझी मोठी बहीण त्याच टोलीवर दिलेली. आदल्या पावसाळ्यात त्या चढणीवर ती घागरीसकट घसरली, तेव्हापासून एक पाय ओढत चालायची. तशाच पायानं दिवसाला चार खेपा.

कागदाची बातमी कानावर गेली तशी ती शाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"भाऊ, येवढं एक काम कर. इहीर आमच्या टोलीवर होऊ दे. मले अजून काई नाई पायजे."

"मी कोन करनारा, बाई? लोक ठरवतीन," मी म्हणालो. असं बोलताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो.

आता आमच्याकडची बैठकीची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचा सगळा घोळ कळायचा नाही. आमच्या पंचांत हात वर करणं नव्हतं, मोजणं नव्हतं. सगळे बोलायचे, एकमेकांवर ओरडायचे, बिड्या ओढायचे, घरी जाऊन भात खाऊन यायचे आणि पुन्हा ओरडायचे. शेवटी सगळ्यांचं जमलं की गूळ-फुटाण्यांची परात फिरायची. परातीतून उचललं म्हणजे तुम्ही कबूल. एकानं जरी हात आखडला तरी बैठक संपली नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. गुरांच्या चराईवरून एक बैठक तीन दिवस चाललेली मी स्वतः पाहिली आहे. नाराज माणसाला मागे टाकून विहीर खणली तर तिला पाणी लागत नाही, असं म्हातारे सांगत, आणि ते त्यांना मनापासून खरं वाटे.

धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपल्यावर सभा भरली. बोर्डाचा ओव्हरशियर सायकलवरून धुळीनं माखून आला. तासभर त्यानं आमचा आरडाओरडा ऐकला आणि मग हात आपटून म्हणाला, "बस! बहस बंद. जिसको मंदिर के सामने चाहिए, वो हाथ ऊपर करे."

चौदा हात.

"टोली में?"

बावीस. टोलीचे सगळे बाप्ये आणि गावातले काही भले लोक. भिंतीलगत बायका उभ्या होत्या, त्यांत माझ्या बहिणीचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला होता. ओव्हरशियर म्हणाला, "औरतों का नहीं." तिनं हात पदराखाली घेतला. मी कागदावर बावीस लिहिले, आणि लिहिताना मनातून सुखावलो.

तिथे थांबला असता तर त्या साहेबाचं काय बिघडलं असतं? पण त्याला नवी तऱ्हा शिकवायची होती. तो म्हणाला की घाई नको, आठ दिवसांत कुणाला मत बदलावंसं वाटलं तर मास्तरला येऊन सांगा, मास्तर कुणाचं कुणाला कळू देणार नाही, आठव्या दिवशी मी येऊन पक्कं करीन. एवढं बोलून तो सायकलवर बसून गेला. परात फिरवायला घेतली तर देवळाकडच्या त्या चौदाजणांनी हात मागे घेतले. गूळ तसाच राहिला, त्यावर माश्या बसल्या. गावाच्या रीतीनं बैठक संपलीच नव्हती, पण सरकारी रीतीनं संपली होती, म्हणून सगळे तोंड पाडून घरी गेले.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर टोलीतला एक म्हातारा पंच आला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "मास्तर, माहा हात देवळाकडं टाक."

"काऊन गा? तुमची तं जीत झाली."

"त्याच्यानंच. चौदा जनं मुकाट्यानं फिरून राहिले. त्यायचं मन मोडून इहीर खनली तं पानी लागन काय? माह्या एका हातानं आपलं काई जात नाई. त्यायले बरं वाटन. पन कोनाले सांगू नको."

मी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी देवळाकडचा एक शेतकरी आला. "टोलीवाले जिंकलेच हायेत. आता आमी कायले आडवं यावं? माहा हात टोलीकडं टाक. पन बोलू नको कोनापाशी."

मग रांगच लागली. एक आला की दुसरा झाडाआड थांबलेला. प्रत्येकाला वाटे, मनाचा मोठेपणा आपल्यालाच सुचला आहे, आणि आपल्या एकट्यानं काय फरक पडतो. टोलीकडचे पंधरा जण देवळाकडे गेले. देवळाकडचे अकरा जण टोलीकडे आले. असला गाढवपणा करायला माणसं फार चांगली असावी लागतात! भांडखोर गावात त्या विहिरीला एव्हाना पाणी लागलं असतं.

आणि मला हे सगळं दिसत होतं. साऱ्या गावात फक्त मलाच दिसत होतं. एकदा कोतवालाकडून दवंडी पिटवून सगळ्यांना चावडीवर बसवलं असतं आणि परात पुढे ठेवली असती, तर अर्ध्या तासात काम झालं असतं. पण साहेबानं गुपित राखायला सांगितलं होतं ना! मी ते असं राखलं की जणू सरकारचा खजिनाच माझ्या पेटीत होता. बायको म्हणाली, "तुमच्या पोटात काई खुपून राहिलं काय?" तिलाही नाही सांगितलं.

आठव्या दिवशी ओव्हरशियर आला. मी कागद पुढे केला. देवळापुढे अठरा, टोलीवर अठरा.

चावडीवर एकच गलका झाला. "मी तं तुमच्यासाठी सोडली!" "अरे, मी तुमच्यासाठी!" ओव्हरशियरला त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यानं वैतागून माझ्याकडे पाहिलं.

"मास्टर, आपका हाथ किधर है? आपका तो लिखा ही नहीं."

माझी बहीण त्या दिवशीही भिंतीपाशी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. टोलीवर बहीण आहे म्हणून मास्तरनं पारडं झुकवलं, असं लोक म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हणालो, "साहब, मैं तो लिखनेवाला हूँ."

"तो फिर मंदिर के सामने. वहाँ ईंट की बैलगाड़ी जाती है," असं म्हणून त्यानं सही केली.

मला वाटलं, आता तरी टोलीवाले पेटतील. छे! अठरा-अठरा म्हणजे कोणीच हरलं नाही. बैलगाडीनं ठरवलं, माणसानं नाही. कोणाचं मन मोडलं नाही. परात फिरली, आणि सगळ्यांनी हसत हसत मुठी भरल्या. टोलीचे बाप्येही खूश होते, पाणी काही त्यांना वाहायचं नव्हतं. परात माझ्यापुढे आली तेव्हा मीही गूळ उचलला. भिंतीकडे परात गेलीच नाही.

देवळापुढे खणायला सुरुवात झाली, त्यानंतर काही दिवसांनी मी टोलीवर गेलो. बहीण चढणीच्या पायथ्याशी भरलेली घागर खाली ठेवून दम खात बसली होती. मी आल्यावर तिनं वर पाहिलं.

"सायबानं तुले इचारलं होतं ना?"

"हो."

"अन तू नाई म्हनला."

"तू माही बहीन होय, बाई. लोक काय म्हनले असते?"

"लोक कायले म्हनतीन? लोक तं एकमेकाले इहीर देऊन राहिले होते." ती कमरेवर हात ठेवून उठली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. "माहा हात सायबानं मोजला नाई, ते समजलं. तुहा तं मोजून राहिला होता."

तिनं चुंबळ डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाली, "लाव हात. उचलू लाग."

मी वाकून घागर धरली. एका दमात ती माझ्याच्यानं गुडघ्याच्या वर आली नाही. दुसऱ्यांदा जोर लावून ती तिच्या डोक्यावर ठेवली, आणि ती पाय ओढत चढण चढू लागली.