वार पडल्यावर

बाळ रडलं, वार पडली, तरी रक्त थांबेना.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साक्री तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी मेडिकल ऑफिसर म्हणून नवीनच होते. टेबलावर वनिता होती, पहिलटकरीण. बाहेर तिची सासू गूळ वाटत होती.

बाळाला पोटात पोसणारी वार सुटते तिथे गर्भाशयाच्या आत मोठी जखम राहते. रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी असतात. तिथे टाके घालता येत नाहीत. गर्भाशयाचा स्नायूच आवळतो आणि ती बंद करतो. मग पोटावर हात ठेवला की कडक गोळा लागतो. वनिताच्या पोटावर मला सैल कणकेसारखं काहीतरी लागलं.

मी पोट चोळलं. आमच्या नर्स कमलताईंनी मेथर्जिन दिलं. त्या इंजेक्शनने गर्भाशय आवळतं. सलाईन लावलं. लघवी तुंबली असली तरी ते आवळत नाही, म्हणून नळी घालून तीही काढली. कुठे फाटलंय का पाहिलं. नव्हतं. बाळाला छातीशी लावलं. ते चोखू लागलं की गर्भाशय आपोआप आवळतं. गोळा क्षणभर घट्ट झाला आणि पुन्हा सैल पडला.

"मॅडम, नाडी नीट लागत नाही," कमलताई म्हणाल्या.

"मले अंधारी यी राहिनी," वनिता पुटपुटली.

आता एकच उपाय होता, तोही मी फक्त वाचलेला. एक मूठ आत, दुसरा हात पोटावर, आणि मधे गर्भाशय दाबून धरायचं. धरलं. रक्त थांबलं. जरा सैल केलं की पुन्हा धार.

कमलताई धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात फोन करून धावत आल्या.

"तिथले डॉक्टर सर म्हणतात, घेऊन या. रक्ताची सोय करतो. पण हात सोडू नका."

"धुळ्यापर्यंत?"

"धुळ्यापर्यंत."

जीपमध्ये वनिता आडवी, मी तिच्याजवळ गुडघ्यांवर. पुढे तिचा नवरा, पायाशी बाळाला घेतलेली सासू. प्रत्येक खड्ड्याला मूठ निसटेल असं वाटे. हाताला मुंग्या आल्या, मग बोटं जाणवेनाशी झाली. आपण खरंच दाबतोय का, तेच कळेना. वाटेतल्या नेर गावाच्या पुढे वनिताने ओ देणं बंद केलं.

"डॉक्टरबाई, मनी सून वाची ना?" सासूने विचारलं.

"तिला हाक मारत राहा, अक्का," मी एवढंच म्हणाले. ती बिचारी धुळं येईपर्यंत "वनू, वं वनू" करत राहिली.

नवऱ्याचं रक्त जुळलं. बाटली चढली, औषधं चालू झाली. बऱ्याच वेळाने सरांनी पोटावर हात ठेवला.

"गोळा लागतोय. सोडा आता, डॉक्टर."

मला बोटं उघडता येईनात. शेवटी सरांनीच माझा हात अलगद बाहेर घेतला.

वनिता मुलाला घेऊन आपल्या पायांनी घरी गेली. माझं मनगट मात्र पुढे कितीतरी दिवस दुखत होतं.

लोक विचारतात, बाळंतपणातला कोणता भाग सगळ्यात धोक्याचा? त्यांना वाटतं, मी कळा म्हणेन. मी म्हणते, वार पडल्यानंतरचा पहिला तास. त्या तासात पेढे खुशाल वाटा, पण बाईच्या पोटावर कुणाचा तरी हात असू द्या.