थांबवायच्या गोळ्या

तुमच्या घरातली सून गेल्या महिन्यात कुठले दिवस बाजूला बसली होती, हे तुम्हाला ठाऊक आहे का? असेलच. आमच्या गावात ते सगळ्यांना ठाऊक असायचं. पडवीच्या कोपऱ्यातली वेगळी वाकळ, वेगळा तांब्या, चुलीपुढं एकटी सासू, एवढं दिसलं की दूध न्यायला आलेल्या माणसालाही कळायचं. त्याच बाईचा पाय किती दिवस सुजलेला आहे, हे मात्र कुणी सांगू शकलं नसतं.

कुंडलपासून जवळच आमचं गाव. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. विहिरींना पाणी आलं होतं, ऊस पुन्हा उभा राहिला होता. दादा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. घरात आई, आबा, वहिनी आणि तिची तीन वर्षांची मुलगी. मी कराडला कॉलेजात होते, शनिवारी घरी यायचे. आबांना सभांचा नाद. परत येताना ते खाऊ आणत नसत, पत्रकं आणत. मी अक्षरं त्यांवरच शिकले. धरणग्रस्तांची पत्रकं, हुंड्याविरुद्धची, दारूबंदीची. पुढं कुटुंबनियोजनाचंही एक आलं. त्यावर हसरे आईबाप, हसरी दोन मुलं आणि रोज एक गोळी घेण्याचा सल्ला. गोळीनं कुणाला त्रास झाला तर तो कसा ओळखावा, याची एक ओळही त्यात नव्हती.

आमच्या घरात गोळ्या आल्या त्या मात्र मूल टाळायला आल्या नाहीत. त्या देवासाठी आल्या.

नवरात्राला चार-आठ दिवस राहिले असताना शेजारची काकू आईकडं आली. पदराखाली कराडच्या दुकानातून आणवलेलं पाकीट.

"आक्का, घट बसल्यावर सुनंला कावळा शिवला म्हंजे? घरात दुसरी बाईमाणूस कोण हाय तुझ्या?"

"मी हाय की."

"तुला दिव्याची वात दिसती का? लय शानी! ह्या घे. पांढऱ्या रोज एक द्यायची. खालच्या तांबूस हायत न्हवं, त्या टाकून द्यायच्या. त्या खाल्ल्या की येतंय. पाकीट सपलं की लगीच दुसरं लावायचं. माझ्या सुनंनं दोन लग्नं आन् एक जत्रा काढली ह्याच्यावर."

तांबूस गोळ्या लोहाच्या होत्या, हे मला पुढं कळलं. आमच्या बायकांच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघा, पांढऱ्याफटक असतात. त्यांच्या वाटचं लोह उकिरड्यावर पडत होतं.

वहिनी खूश होती. घट बसले, उठले, तिला एकदाही पडवीत जावं लागलं नाही. मला म्हणाली, "वन्सं, कावळा घर इसरला बगा आपलं!" ती हसली की सगळ्या अंगानं हसायची. त्या हसण्यात काय होतं ते मला समजत होतं. थंडीत पडवीत झोपायचं नाही, पोरीला रडू द्यायचं नाही, लांबून कुणी भाकरी टाकायची नाही. गोळीनं तिला ही सुटका दिली होती.

पण थांबायचं कधी? नवरात्र सरलं तर दिवाळी आली. दिवाळी सरली तर म्हसवडच्या रथाला जायचं होतं, कुलदैवताचा नवस होता. रथ झाला आणि गुऱ्हाळ लागलं. गुऱ्हाळाचा कायदा तर देवापेक्षा कडक. पाळीतली बाई काहिलीजवळ, रसाच्या त्या मोठ्या कढईजवळ, फिरकली तर गूळ धरत नाही, असं आमच्याकडं सगळे मानतात. रस उकळून गूळ करणारा गुळव्या म्हातारा होता. पहिल्याच दिवशी त्यानं आईला बजावलं, "वयनी, काहील नासली तर मला बोलायचं न्हाई. बायकांकडं तुमी बगा." गड्यांची भाकरी, चुलवाणाच्या जाळाला उसाचं चिपाड, सगळं वहिनीवर. पाकिटामागून पाकीट येत राहिलं.

थंडीत एका सकाळी ती परसात ओकली. डोकं एका बाजूनं ठणकायचं, डोळ्यांपुढं काजवे यायचे. ओढ्यावर धुणं धुताना एकीनं हसत हसत विचारलं, "का गं, नवरा कवा यून गेला? आमाला कसा दिसला न्हाई?"

सगळ्या हसल्या. वहिनीही हसली. त्यानंतर ती तोंडात पदर कोंबून ओकायची. मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टरला दाखवू." ती म्हणाली, "आन् काय सांगू? धनी आसामात, आन् मी पोर न व्हायच्या गोळ्या खाती?"

या एका वाक्यात ती अडकली होती. फौजीची बायको वर्षभर एकटी राहते आणि सगळं गाव तिची राखण करतं. गोळी कशासाठी घेतली हे सांगायला तिच्याकडं साक्षीदार एकच होता, सासू. आणि सासूच्या लेखी ते औषधच नव्हतं. औषध आजाऱ्यानं घ्यायचं.

मग डाव्या पायाची पोटरी दुखू लागली. आईला वाटलं, चुलवाणापुढं उभं राहून राहून पाय भरला असेल. शनिवारी मी आले तेव्हा ती पोटरी तांबूस, गरम आणि उजवीपेक्षा जाड दिसत होती. आई खोबरेल कोमट करून बसली होती. आई कुणाला जीव लावते तेव्हा चोळते. माझे पाय, दादाची पाठ, नातीचं डोकं. तिनं वहिनीचा पाय मांडीवर घेतला आणि दोन्ही अंगठ्यांनी टाचेपासून गुडघ्यापर्यंत रेटून रेटून चोळला. वहिनी कळवळली. "आत्याबाई, लय दुखतंय वो." आई म्हणाली, "दुखंल तवाच उतरंल. दम धर." दिव्याच्या उजेडात तेलानं तो पाय चकचकत होता. आईच्या कपाळावर घाम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काहिलीत रस चढला असताना वहिनी चिपाडाचा भारा टाकून मटकन खाली बसली. छाती धरली. श्वास येत होता, पण पुरत नव्हता. खोकली तेव्हा पदराला रक्त लागलं. गुळव्या ओरडला, "तिला लांब न्या, लांब!" त्याला पदरावरचं रक्त दिसलं आणि त्याचा अर्थही त्यानं त्याच्या पद्धतीनं लावला.

साखर कारखान्याकडं निघालेली एक जीप आबांनी थांबवली. सांगलीत डॉक्टरांनी तिला तपासलं, पाय पाहिला, आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कसल्या गोळ्या घेते का ही?"

तिथं आबा होते, जीपवाला होता, गावचे आणखी दोघं होते. वहिनीनं मानेनं नाही म्हटलं. ओठ निळसर पडले होते, तरी ती मान हलवत राहिली. मी तोंड उघडणार तोच तिनं माझं मनगट धरलं. त्या अशक्त हाताची बोटं मला रुतली.

डॉक्टर पुन्हा म्हणाले, "नीट सांगा. पायातली रक्ताची गुठळी छातीत गेलीय असं दिसतंय. कारण कळायला हवं."

आई कोपऱ्यात उभी होती. परक्या पुरुषांपुढं ती कधी बोलत नसे. पदर पुढं ओढून, जमिनीकडं बघत ती म्हणाली, "आवं, म्या दिल्या. थांबवायच्या गोळ्या. घटापासनं देती. तिनं मागितल्या न्हाईत. म्या दिल्या."

आबांनी मान खाली घातली. जीपवाला बाहेर निघून गेला. डॉक्टरांनी विचारलं, "पाय चोळला का?" आईनं स्वतःच्या हातांकडं पाहिलं आणि ते पदरात गुंडाळून घेतले.

वहिनी वाचली. रक्त पातळ करायची इंजेक्शनं, अंथरुणावर बरेच दिवस. पाय पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. संध्याकाळी तो अजून जड होतो. आम्ही परतायच्या आधीच गावात बातमी पोहोचली होती, आणि ती गुठळीची नव्हती. फौजीची बायको गोळ्या खाते, ही बातमी होती. तार मिळून दादा आला. पारावर त्याला कुणी काही म्हणालं असावं. घरी येऊन तो आईला म्हणाला, "बाजूला बसाय काय हुतंय बायकांना?" उत्तर वहिनीनं दिलं. अंथरुणातूनच म्हणाली, "थंडी वाजती."

गोळी वाईट असं मी म्हणत नाही. मूल कधी हवं हे बाईनं ठरवावं, आणि त्यासाठी गोळी लागली तर ती तिला मिळावी. पण कुणाला द्यायची, आधी काय तपासायचं, काय झालं की धावत डॉक्टर गाठायचा, हे तिला कुणीतरी सांगितलं पाहिजे. आमच्याकडं हे ज्ञान शेजारच्या काकूकडून येतं. काकूची सून अजून दोन पाकिटं जोडून घेते. परवा मी तिला पारापाशी पाहिलं, चालताना ती एक पाय अलगद टाकत होती. मी विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई, भरलाय जरा." मी तिच्या सासूशी भांडले. सासू म्हणाली, "तुज्या वयनीच्या नशिबात हुतं ते. समद्यांस्नी हुतंय व्हय?" त्या सुनेला दवाखान्यात न्यायला मला अजून कुणाला तयार करता आलेलं नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते. आज घरी गेलात की सुनेला, बहिणीला, बायकोला एकटीला गाठून विचारा, कुठली गोळी घेतेस का, आणि पाय दुखतो का, धाप लागते का. कशासाठी घेतेस, हे विचारू नका. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर ती चोळू नका, चोळल्यानं गुठळी सुटून छातीत जाते. पाकीट बरोबर घेऊन त्याच दिवशी तिला डॉक्टरकडं न्या. आणि तिथं डॉक्टर विचारू लागले की तुम्ही सगळे खोलीबाहेर जा. तिला बोलू द्या.